आधी गोळ्यांची पिशवी दाखवा

एप्रिल लागला की जळगावात माझ्या दवाखान्यातल्या शुगरवाल्यांच्या तक्रारींचा सूर बदलतो. “जेवणानंतरची किती आली?” मागे पडतं आणि “अंगातलं मीठ कमी झालं”, “पोटॅशियम वाढलंय म्हणे”, “एक सलाईन लावूनच द्या” सुरू होतं. संपादकांनी या महिन्यात पाठवलेल्या गठ्ठ्यातही निम्मी पत्रं याच विषयाची निघाली. मधुमेहात रक्तातले क्षार, म्हणजे सोडियम-पोटॅशियम, का बिघडतात आणि त्याचा हृदयाशी संबंध काय, हे बहुतेकांना विचारायचंय. प्रत्येकाने पत्रात आपण काय खातो ते सविस्तर लिहिलंय. गोळ्या कोणत्या घेतो, ते मात्र मोजक्यांनीच. माझ्या अनुभवात घोळ ताटात कमी आणि गोळ्यांच्या पिशवीत जास्त असतो. पत्रं आटोपशीर केली आहेत, नावं गाळली आहेत.

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची, रावेर तालुक्यात गावी राहते. बऱ्याच वर्षांपासून डायबेटीस आणि बीपी आहे. मेटफॉर्मिन आणि टेल्मिसार्टन चालू आहे. हृदयाचं पंपिंग कमी आहे म्हणून हिवाळ्यापासून स्पायरोनोलॅक्टोनही दिलंय. रिपोर्टमध्ये पोटॅशियम ५.९ आणि क्रिएटिनिन १.४ आलं. तिला त्रास काहीच नाही. घरची केळीची बाग आहे. केळी कायमची बंद करू का? बीपीसाठी मी इकडून लो सोडियम मीठ पाठवतो, ते चालू ठेवायला हरकत नाही ना? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

भाऊ, हे छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं, म्हणून संपादकांकरवी तुम्हाला निरोप आधीच दिलाय: ते मीठ आजच्या आज बंद, आणि आईला घेऊन लगेच डॉक्टरांकडे. इथे कारणं लिहिते, कारण तुमच्यासारखी काळजीवाहू मुलं घरोघरी आहेत.

लो सोडियम मिठात सोडियम क्लोराइडचा काही भाग काढून त्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. त्यात ३० टक्के पोटॅशियम क्लोराइड असेल, तर चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम मिठातून जवळपास ८०० मिलिग्रॅम पोटॅशियम पोटात जातं. दोन केळ्यांएवढं. तुम्ही केळ्यांवर संशय घेतलात आणि केळी वरणात, भाजीत, भाकरीच्या पिठात विरघळून रोज तिच्या पोटात जात होती.

हे मीठ वाईट आहे असं मी म्हणत नाही. चीनच्या ग्रामीण भागात ६०० गावांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला होता. २०२१ मध्ये निकाल आला: असं मीठ खाणाऱ्यांत पक्षाघात आणि मृत्यू कमी झाले. पण मूत्रपिंडाचा गंभीर आजार असलेले आणि पोटॅशियम साठवून ठेवणाऱ्या गोळ्या घेणारे लोक त्या चाचणीत घेतलेच नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या जानेवारीत अशा मिठाची शिफारस केली, तीही मूत्रपिंड कमजोर असलेल्यांना वगळूनच. मूत्रपिंड कसं गाळतंय ते सांगणारं क्रिएटिनिन तुमच्या आईचं १.४, दिसायला किरकोळ वाटतं, पण ६८ वर्षांच्या बाईच्या हिशोबात गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ४० च्या आसपास येते. म्हणजे मूत्रपिंड निम्म्याहून कमी कामावर आहे.

आता गोळ्या. जास्तीचं पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकायला अल्डोस्टेरॉन नावाचं संप्रेरक लागतं. जुन्या मधुमेहात ते मुळातच कमी पाझरू शकतं. टेल्मिसार्टन ते आणखी कमी करतं आणि स्पायरोनोलॅक्टोन त्याचा परिणाम अडवतं. तिन्ही दारं एकदम लोटून घेतली आणि वरून मीठ पाठवलं. पण म्हणून दोन्ही गोळ्या आपल्या मनाने कचऱ्यात टाकू नका. याच गोळ्या तिचं मूत्रपिंड आणि कमजोर हृदय सांभाळतायत. स्पायरोनोलॅक्टोन काही दिवस थांबवायचं, अर्धं करायचं, की पोटॅशियम बांधून ठेवणारी पावडर जोडीला देऊन चालू ठेवायचं, हे तपासणारे डॉक्टर ठरवतील. एक विचारायला विसरू नका: गुडघेदुखीसाठी ती मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅक आणून घेते का? आया हे सांगत नाहीत. “ती काय रोजची गोळी आहे का” म्हणतात. पण तेवढ्यानेही मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतो आणि पोटॅशियम चढतं. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलं जाणारं कोट्रायमोक्साझोलही तेच करतं.

त्रास नाही याचा आनंद मानू नका. वाढलेलं पोटॅशियम बोलत नाही. शरीरातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, रक्तात चिमूटभर. सगळा माल गोदामात आणि गल्ल्यावर मूठभर, तसं. पण हृदयाच्या पेशींमधला विजेचा प्रवाह त्या चिमूटभरावर नजर ठेवून असतो. साडेतीन ते पाच हा ठीक आकडा. साडेपाचपुढे गांभीर्याने घ्यायचं. सहाच्या पुढे, किंवा ईसीजीत टी नावाची लाट उंच टोकदार झालेली दिसली, तर सरळ कॅज्युअल्टी. आणि ईसीजी स्वच्छ आला म्हणजे धोका नाही असंही नाही. काहींच्या बाबतीत तो बराच वेळ साधाच दिसतो आणि मग ठोके एकदम बिघडतात.

भरती केलंच, तर आधी शिरेतून कॅल्शियम देतात. त्याने पोटॅशियम उतरत नाही, पण काही मिनिटांत हृदयाला संरक्षण मिळतं. मग इन्शुलिन आणि ग्लुकोज एकत्र. इथे नातेवाईक हमखास भांडतात: “शुगरच्या पेशंटला ग्लुकोज कसं लावता?” इन्शुलिन पोटॅशियमला ढकलून पेशींच्या आत नेतं, ग्लुकोज त्या वेळी साखर पडू देत नाही. तेव्हा भांडू नका.

एक शक्यता राहते. ५.९ खोटंही असू शकतं. रक्त काढताना मूठ फार वेळ आवळली-सोडली, दंडाचा पट्टा रेंगाळला, किंवा नळीतल्या तांबड्या पेशी फुटल्या, तर आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं आणि आकडा फुगतो. गावात सकाळी काढलेलं रक्त दुपारी गाडीच्या डिकीतून शहरातल्या लॅबला पोचतं, तेव्हा असं होणारच. म्हणून तपासणी पुन्हा करायची, पण त्याच दिवशी, जिथे मशीन आहे तिथे जाऊन, आणि सोबत ईसीजी. “खोटं असेल” म्हणून आठवडाभर घरी बसायचं नाही.

आणि केळी. आकडा पाचच्या आत येईपर्यंत बंद. शहाळंही बंद, एका शहाळ्यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम सहज असतं. बटाटा, रताळं, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि पाणी फेकून द्यायचं. निम्म्याच्या आसपास पोटॅशियम निघून जातं. एरवी मी पाणी फेकू देत नाही, पण इथे तेच औषध. आकडा खाली राहिला की लहानसं केळं अधूनमधून, डॉक्टरांना सांगून. रावेरच्या बाईला केळं कायमचं तोडणं मलाही जिवावर येतं.

प्रश्न : माझे यजमान ७३ वर्षांचे, रेल्वेतून निवृत्त. शुगर आणि बीपी दोन्ही. मागच्या महिन्यात दोन दिवस बरळायला लागले, बाथरूमचा रस्ता चुकले. सोडियम १२१ निघालं. पाच दिवस दवाखान्यात होते. आता घरी आहेत. शेजारचे म्हणतात, मीठ कमी झालंय तर मीठ-पाणी पाजा. डॉक्टर तर वर्षानुवर्षं मीठ कमी करा म्हणत होते. कुणाचं ऐकू? (एक वाचक, भुसावळ)

ताई, शेजाऱ्यांचं नको.

रक्तात सोडियम कमी दिसणं म्हणजे ताटात मीठ कमी पडणं, असा अर्थ बहुतेक वेळा नसतो. सोडियमच्या मानाने पाणी जास्त झालेलं असतं. तुम्ही गोळ्यांची चिठ्ठी जोडलीत हे फार बरं केलंत. त्यात टेल्मिसार्टनसोबत क्लोरथॅलिडोन आहे आणि पायांच्या आगीसाठी ड्युलॉक्सेटिन आहे. क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवणारी गोळी. बीपीला उत्तम, पण म्हाताऱ्या माणसात सोडियम पाडण्याबद्दल बदनाम. ड्युलॉक्सेटिन शरीराला पाणी धरून ठेवायला लावतं. आणि तुम्ही सहज लिहून गेलात, “उन्हाळा म्हणून ते तांब्यामागून तांब्या पाणी पितात, किडनी साफ राहते म्हणून.” जेवण मात्र चहा-पोळी आणि संध्याकाळी खिचडी. डाळ-कडधान्यं पोटात कमी गेली की मूत्रपिंडाला जास्तीचं पाणी बाहेर टाकायलाही अडचण होते. दोन गोळ्या, वय, पाणी आणि तोकडं जेवण. एकट्या मिठाचा यात फार थोडा वाटा.

आणखी एक गोष्ट, जी शुगरवाल्यांच्या रिपोर्टमध्येच येते. साखर खूप चढली की ती पेशींतलं पाणी रक्तात ओढते आणि सोडियम पातळ दिसतं. ढोबळ हिशोब असा: १०० च्या वर साखरेचे प्रत्येक १०० वाढले की सोडियम साधारण १.६ ने कमी दिसतं. यजमानांची भरतीच्या वेळची साखर ४२० होती, म्हणजे पाचेक अंक निव्वळ साखरेमुळे. खरं सोडियम १२६ च्या आसपास असणार. तेही कमीच, पण साखर उतरली की हा भाग आपोआप भरून निघतो.

मिठाच्या पाण्याचं भय मला का वाटतं, तर हृदयामुळे. हृदय कमजोर असेल तर शरीर मीठ आणि पाणी दोन्ही साठवतं, त्यात पाणी जास्त. म्हणून सोडियम कमी दिसतं. अशा माणसाला मीठ-पाणी पाजलं की पाय सुजतात, रात्री आडवं झाल्यावर दम लागतो आणि पहाटे फुप्फुसात पाणी घेऊन रुग्ण दारात येतो. “सलाईन लावून द्या” म्हणणाऱ्यांनाही हेच सांगणं आहे. कमी झालेलं सोडियम झटकन वाढवणंही धोक्याचं. २४ तासांत आठ-दहा अंकांच्या पुढे नेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. पाच दिवस लागले म्हणून दवाखान्याने बिल वाढवलं, असं तुमच्या पत्रात एका ओळीत आलंय. या बाबतीत तरी मी दवाखान्याच्या बाजूने आहे. घाई केली नाही हे चांगलं झालं.

आता करायचं काय? डिस्चार्ज कार्डावर क्लोरथॅलिडोन आणि ड्युलॉक्सेटिन बंद केलंय का, ते बघा. घरी जुन्या पट्ट्या उरल्या असतील तर त्या पिशवीतून काढून टाका; निम्मे रुग्ण जुनी पट्टी संपवून मगच नवी सुरू करतात. पाणी दिवसाला किती, ते डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. जेवणात वरण, उसळ, चालत असेल तर अंडं. मीठ नेहमीचं, दिवसाला ५ ग्रॅमच्या आत. लोणचं, बिबडे, उडदाचा पापड हे त्या ५ ग्रॅममध्येच धरायचं. पापडखारातही सोडियमच असतं, हे पापड लाटणाऱ्या बायकांनाही नवीन वाटतं. सोडियम आठवड्याने पुन्हा तपासा.

प्रश्न : एकादशीला सैंधव चालतं, ते बीपी-शुगरला निर्धोक असतं ना? (एक वाचक, पैठण)

सैंधव म्हणजे जवळपास सगळं सोडियम क्लोराइडच. रंग गुलाबी असला म्हणून मूत्रपिंड फसत नाही. शिवाय त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. एकादशीची खरी अडचण साबुदाणा, बटाटा आणि दाण्याची आमटी यांची आहे: पहिले दोन साखर चढवतात, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर बटाटा आणि दाणे पोटॅशियमही. भगर थोडी, काकडी, ताक. उपास मोडा असं मी कुणालाच सांगत नाही. सांगून कुणी ऐकलेलंही नाही.

प्रश्न : वय ५६, शेती. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन आणि ग्लिमेपिराइडची गोळी. पहाटे तीनच्या सुमारास दरदरून घाम येऊन जाग येते, छातीत धडधडतं, कधी एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. साखरेचा दाणा तोंडात टाकला की बरं वाटतं. ईसीजी नॉर्मल आहे. शुगर कंट्रोलमध्ये आहे, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ६.१. मग हे काय? (एक वाचक, चाळीसगाव)

नाना, तुमचा ६.१ हाच मला नको आहे.

पहाटे तुमची साखर पडतेय. साखर खाल्ल्यावर बरं वाटणं हा त्याचा जवळजवळ पुरावाच, तरी त्या वेळी उठून ग्लुकोमीटरवर बघा आणि आकडा वहीत लिहा. ७० च्या खाली असेल तर शंका राहिली नाही. दुपारी काढलेल्या ईसीजीला पहाटे तीनला काय झालं ते दिसत नाही.

त्या वेळी आत काय चालतं ते सांगते. इन्शुलिन साखरेसोबत पोटॅशियमही पेशींच्या आत ओढतं. साखर पडली की शरीर घाबरून ॲड्रेनलिन सोडतं. घाम आणि धडधड त्याचीच. ते ॲड्रेनलिन उरलंसुरलं पोटॅशियमही आत ढकलतं. रक्तातलं पोटॅशियम खाली येतं आणि हृदयाला एका ठोक्यानंतर पुढच्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ लांबतो. ईसीजीवर त्याला क्यूटी लांबणं म्हणतात. त्या लांबलेल्या वेळात एखादा ठोका अवेळी पडला तर ताल बिघडू शकतो. तरुण, धडधाकट हृदय हे सोसून नेतं. आतून रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील, किंवा लघवीच्या गोळ्यांनी पोटॅशियम आणि मॅग्नेशियम आधीच उतरलेलं असेल, तर जोखीम वाढते. तुम्ही बीपीसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, असलेली गोळी घेता. म्हणून पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि क्रिएटिनिन तिन्ही तपासा.

२००८ च्या फेब्रुवारीत अमेरिका आणि कॅनडातली अकॉर्ड नावाच्या मोठ्या चाचणीतला साखर कडक उतरवण्याचा भाग अर्धवट थांबवावा लागला होता. मधुमेह आणि हृदयाचा धोका असलेले १०,२५१ लोक त्यात होते. निम्म्यांचा एचबीएवनसी ६ च्या खाली आणायचा, असं ठरलं होतं. त्या गटात मृत्यू जास्त झाले: २५७, दुसऱ्या गटात २०३. पडणारी साखर हेच त्याचं कारण, असं सिद्ध झालं नाही. वाद अजून आहे. पण तेव्हापासून तुमच्यासारख्या इन्शुलिनवर असलेल्या, वय झालेल्या माणसाला आम्ही साताच्या आसपास समाधानी राहायला सांगतो. रिपोर्ट दाखवून “बघा, नॉर्मल माणसासारखा आला” म्हणणाऱ्याला मी आधी विचारते, रात्री झोप कशी लागते?

ग्लिमेपिराइड आणि संध्याकाळचं इन्शुलिन एकत्र हवंच का, हे डॉक्टरांना या आठवड्यात विचारा. बहुधा गोळी निघेल किंवा संध्याकाळचे युनिट कमी होतील. पाण्याची पाळी रात्रीची असते तेव्हा उशिरा जेवून, किंवा न जेवताच, इन्शुलिन टोचून मळ्यात जाता का, तेही खरं खरं सांगा. लाइट रात्री येते, त्याला तुम्ही तरी काय करणार. पण इन्शुलिनची वेळ आणि जेवणाची वेळ एकमेकांना सोडून चालत नाही. आणि हो, दिवसा, साखर नॉर्मल असताना, चालताना धडधड किंवा छातीत जड वाटलं तर ते क्षारांवर ढकलू नका. मधुमेहात हार्ट अटॅकची कळ येईलच असं नाही. नुसता घाम, मळमळ, थकवा एवढ्यावरही तो येऊन जातो.

प्रश्न : रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. मेडिकलवाल्याने मॅग्नेशियमच्या गोळ्या दिल्यात. घेऊ का? शुगर दहा वर्षांची, ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी. (एक वाचक, नाशिक)

मॅग्नेशियम आधी तपासा, मग गोळी. साखर सतत चढी राहिली की लघवीवाटे मॅग्नेशियम वाहून जातं हे खरं. आणि तुम्ही रोज घेता ती पॅन्टोप्राझोल किंवा तिच्या जातीची गोळी वर्षानुवर्षं चालू राहिली तर काहींचं मॅग्नेशियम घसरतं. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०११ मध्येच तसा इशारा दिलाय. मॅग्नेशियम कमी असेल तर पोटॅशियमही कितीही पाजलं तरी टिकत नाही, हे वॉर्डात नेहमी दिसतं.

पण तपासणीत ते ठीक आलं, तर म्हातारपणी रात्री पोटऱ्यांत येणाऱ्या गोळ्यांना मॅग्नेशियमचा फारसा उपयोग होत नाही, असंच चाचण्यांत दिसलंय. मूत्रपिंड कमजोर असेल तर उलट ते साठतं. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणण्याने पैसे न खर्चता थोडं बरं वाटतं. आणि ॲसिडिटीची गोळी कुणी, कधी, किती दिवसांसाठी दिली होती, ती चिठ्ठी शोधा. माझ्या पाहण्यात ती बहुधा पंधरा दिवसांची असते.

प्रश्न : प्रत्येक वेळी डॉक्टर पोटॅशियम-क्रिएटिनिन काढायला लावतात. हा धंदा नाही का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

काही तपासण्या धंदा असतात, मी नाही म्हणणार नाही. ही नाही. १९९९ मध्ये रेल्स नावाच्या चाचणीत दिसलं की हृदय कमजोर झालेल्यांना स्पायरोनोलॅक्टोनने आयुष्य मिळतं. जगभर डॉक्टरांनी ते लिहायला सुरुवात केली. चाचणीत रक्त वारंवार तपासलं जायचं, बाहेर तसं झालं नाही. पुढच्या काही वर्षांत कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वाढलेल्या पोटॅशियमने दवाखान्यात भरती होणारे आणि दगावणारे दोन्ही झपाट्याने वाढले. औषध तेच. तपासणी गळाली होती. म्हणून टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन किंवा नवं फिनेरेनोन सुरू केलं, किंवा डोस वाढवला, की एक ते चार आठवड्यांत एकदा पाहायचं. सगळं स्थिर असेल तर वर्षातून दोन-तीनदा पुरतं. दर महिन्याला, काही बदललेलं नसताना काढायला लावत असतील, तर कारण विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

प्रश्न : जुलाब-उलट्या झाल्या तर शुगरवाल्याने ओआरएस घ्यावं का? त्यात साखर असते. मी डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिनवर आहे. (एक वाचक, अकोला)

घ्यावं. एक लिटर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं, आणि ते चवीसाठी नसतं; आतड्यातून सोडियम आत घ्यायला त्याचीच जोड लागते. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजून कॉलऱ्याचे हजारो रुग्ण वाचवले. तेच हे तंत्र. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्या आणि अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला; पेलाभर पाण्यात पाव पाकीट हा अंदाज चुकतो. फळांच्या चवीची, ओआरएस नाव लावून विकली जाणारी गोड पेयं वेगळी. २०२५ च्या ऑक्टोबरात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला मनाई केली. तरी एखाद्या दुकानात जुना माल निघालाच तर घेऊ नका. जुलाब नसताना, नुसतं ऊन लागतंय म्हणून रोज ओआरएस पिणं शुगर-बीपीवाल्यांनी करू नये. पातळ ताक घ्या, तेही मीठ न घालता.

डापाग्लिफ्लोझिन लघवीतून साखर आणि सोबत पाणी बाहेर काढतं. हृदयाला आणि मूत्रपिंडाला ते चांगलं आहे, पोटॅशियम फार वाढण्याची भीतीही काहीशी कमी करतं. पण पोटात काही ठरत नसताना ते चालू राहिलं तर शरीर कोरडं पडतं, आणि क्वचित साखर २०० च्या आसपास असतानाच रक्तात कीटोन आणि आम्ल साठतं. मीटरवरचा आकडा बघून घरचे निर्धास्त राहतात आणि रुग्ण धापा टाकत असतो. म्हणून उलट्या-जुलाब चालू आहेत, जेवण जात नाही, अशा दिवसांत डापाग्लिफ्लोझिन, मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या आणि लघवीच्या गोळ्या थांबवायच्या असतात. कोणत्या थांबवायच्या, ते आत्ता, बरे असताना डॉक्टरांकडून लिहून घ्या. इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र ते बंद करायचं नाही. डोस फोनवर विचारायचा. उभं राहिल्यावर अंधारी येत असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, श्वास लांब आणि जोरात चालला असेल तर घरी थांबू नका.

दोन वेळचं जेवण नीट जायला लागलं की २४ ते ४८ तासांत गोळ्या परत सुरू. थांबवायचं लक्षात राहतं, सुरू करायचं राहत नाही. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.